मावळे ठेवायचे, डोंगर मोडायचा

सहामाही परीक्षा संपली की कर्जत-खालापूरकडच्या घरांत माळ्यावरून एक डबा खाली येतो. बहुधा बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणाला गंज चढलेला. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले मावळे असतात. एकाची तलवार मुठीपाशी तुटलेली, एकाच्या पागोट्याचा रंग उडालेला. त्यांच्यासोबत दोन तोफा, डोक्यावर घागर घेतलेली बाई, दरवाज्याहून मोठा वाघ आणि वेगळ्या कापडात नीट बांधलेले सिंहासनावरचे महाराज. सैन्य तयार असतं, मुलूख मात्र नसतो. तो दरवर्षी नव्याने उभारायचा, आठ-दहा दिवस वापरायचा आणि मोडून टाकायचा.

घरात बसून लहान आकाराच्या सैन्यासाठी डोंगर, नद्या, तटबंद्या बनवायच्या आणि त्यांवर लढाई मांडायची, हा छंद युरोप-अमेरिकेत गेली शंभरेक वर्षं चालत आला आहे. तिकडे त्याला नियमपुस्तकं आहेत, मापं आहेत, दुकानं आहेत. फोमच्या लाद्या कापून डोंगराचे सुटे तुकडे करायचे, ते हवे तसे जुळवायचे आणि खेळ झाला की फळीवर रचून ठेवायचे, ही त्यातली आजची रीत. महाराष्ट्रातला दिवाळीचा किल्ला या छंदाचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ नक्कीच आहे. फरक इतकाच की तिकडे जमीनही जपून ठेवतात, इकडे फक्त माणसं.

आधी इकडची रीत. किल्ल्याचा आतला सांगाडा कुणाला दिसत नाही, पण सगळी मेहनत तिथेच असते. विटा, डबर, फुटक्या कुंड्या, कौलांचे तुकडे, एखादं लाकडी खोकं यांची रास अंगणाच्या कोपऱ्यात रचतात. त्यावर भिजवलेलं गोणपाट पसरतात आणि गोणपाटावर मातीचा काला थापतात. गोणपाटाच्या चुण्या पडतात तशा दऱ्या आणि सोंडा आपोआप तयार होतात. डोंगर कसा दिसावा हे निम्मं कापडच ठरवतं. नुसती माती वाळली की तडकते, म्हणून तीत बारीक चिरलेला पेंढा मिसळायचा. या दोन्ही तालुक्यांत त्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. हा भाताचा मुलूख. कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र कर्जतलाच आहे आणि तिथल्या वाणांना गावाचंच नाव मिळालं आहे. आश्विनात हळवं भात कापून झालेलं असतं, खळ्यावर पेंढा ताजा असतो. पाऊस नुकताच सरल्यामुळे माती ना कोरडी ना चिखल, अशी हाताला नेमकी लागते. महिनाभर आधी हाच किल्ला वाहून गेला असता आणि दोन महिने उशीर केला असता तर कुदळ मारून माती काढावी लागली असती.

मग हळीव किंवा मोहरी पेरायची. वसुबारसेला टाकलेलं बी भाऊबीजेपर्यंत बोटभर वर येतं आणि अख्ख्या डोंगरावर हिरवळ चढते. परदेशी छंदवाले गवताचा आभास आणण्यासाठी रंगवलेला भुसा आणि नायलॉनचे तंतू विकत घेतात. इथलं गवत खरं असतं, त्याला दोन वेळा पाणी शिंपडावं लागतं. पाणी जास्त झालं तर बुरूज खचतो.

प्रमाणाचा हिशोब मात्र दिवाळीच्या किल्ल्यात कुणी धरत नाही, किंवा धरतात तो वेगळाच. टेबलावरच्या युद्धखेळात प्रचलित माप २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकाचं. म्हणजे माणूस साधारण साठपट लहान. या मापाने सुमारे ८०० मीटर उंचीचं माथेरान करायचं तर तेरा मीटरहून उंच, चार मजली इमारतीएवढा ढीग रचावा लागेल. त्यामुळे तिकडेही डोंगर खोटेच असतात, फक्त खोटेपणा बेताने वाटून घेतलेला असतो. अंगणातल्या किल्ल्यात उंची मानाप्रमाणे ठरते. महाराज सर्वांत वर आणि सर्वांत मोठे, मावळे मधल्या मापाचे, शेतकरी आणि बैल पायथ्याशी. बाजारात जे मिळालं ते चालतं, म्हणून कधी कधी कोंबडी घोड्याच्या खांद्याला लागते. त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

सुट्या तुकड्यांच्या रणभूमीचा जन्म प्रशियात झाला. नेपोलियनने त्या राज्याला 1806 मध्ये धूळ चारल्यानंतरची ती वर्षं. गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ या मुलकी अधिकाऱ्याने युद्धाचा एक खेळ बसवला होता. आधी तो वाळूवर खेळायचा. राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याला तो दाखवायचं ठरलं तेव्हा वाळू राइसविट्झला दरबाराच्या मानाने ओशाळवाणी वाटली असावी. 1812 मध्ये त्याने राजाला एक मोठं टेबलच भेट दिलं. त्यासोबत प्लास्टरच्या रंगवलेल्या चौकोनी लाद्या होत्या. एकीवर नदीचं वळण, दुसरीवर टेकडीचा उतार, तिसरीवर जंगल. लाद्या फिरवून मांडल्या की नवा मुलूख तयार. ते टेबल आजही बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात आहे.

गंमत पुढे आहे. राइसविट्झच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, 1824 मध्ये खेळ सुधारला आणि बापाच्या देखण्या लाद्या बाजूला सारून सरळ कागदी नकाशा वापरला. प्रशियन सेनेच्या सरदारांना तोच पटला. फौजेला डोंगर दिसायला नको होता, मोजायला हवा होता. डोंगर दिसण्याची हौस मग घरगुती खेळाकडे आली. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स याने 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. घरातल्या जमिनीवर मुलांचे लाकडी ठोकळे, झाडांच्या डहाळ्या आणि शिशाचे शिपाई घेऊन लढाई कशी मांडायची, याचे नियम त्यात होते. वेल्स लढाईनंतर ठोकळे डब्यात भरत असे. ठोकळ्यांचं घर व्हायचं, दुसऱ्या दिवशी त्याच ठोकळ्यांचा पूल.

फोम आला तो बराच नंतर, आणि खेळासाठी मुळीच नव्हे. डाउ या अमेरिकन कंपनीने दुसऱ्या महायुद्धात पॉलिस्टायरीन फुगवून त्याची हलकी, पाण्यावर तरंगणारी पाटी बनवली. तिचा एक आरंभीचा उपयोग तराफ्यांसाठी झाला. 1950 च्या सुमारास जर्मनीत बीएएसएफने दाण्यांपासून फुगवलेला प्रकार काढला. आपल्याकडे तोच थर्मोकोल. पदार्थापेक्षा हवाच जास्त, जवळपास ९८ टक्के. शीतगृहांच्या भिंती, फ्रिजचं वेष्टन आणि मग हौशी लोकांचा डोंगर. 1983 मध्ये इंग्लंडमध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ निघाला आणि घराघरांत टेबलं सजू लागली तेव्हा बांधकामाच्या दुकानात मिळणारी गुलाबी-निळी फोमची पाटी हे या छंदाचं मुख्य द्रव्य होऊन बसलं.

काम साधं आहे, पण त्याचेही संकेत आहेत. नायक्रोमची तार तापवून फोम लोण्यासारखा कापायचा. त्याचा धूर घशाला लागतो, म्हणून खिडकी उघडी ठेवायची. कडा हाताने तोडायच्या, सुरीने कापल्या तर केकसारख्या दिसतात. वर फेविकॉल आणि रेतीचा थर द्यायचा, तो वाळला की रंग. घाई करून स्प्रेचा रंग थेट मारला तर त्यातलं द्रावक फोमला खातं आणि तयार कड्याला डोळ्यांदेखत भोकं पडतात. प्रत्येक तुकड्याची कड ठरलेल्या उंचीची ठेवायची. तरच उद्या तो दुसऱ्या तुकड्याला लागेल.

आता सह्याद्रीकडे पाहायचं. कर्जत स्टेशनवर उतरून पूर्वेला भीमाशंकरच्या किंवा दक्षिणेला राजमाचीच्या रांगेकडे नजर टाकली तर डोंगर आडव्या पट्ट्यांचा दिसतो. काळा उभा कडा, मग हिरवा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे पूर एकावर एक साचले, त्यांचे हे थर. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. स्वीडिश भाषेत तो शब्द पायऱ्यांसाठी आहे. म्हणजे इंचभर जाडीच्या पाट्या एकीवर एक चिकटवून, प्रत्येक वरची थोडी आत घेऊन डोंगर केला, तर आल्प्स होत नाही, सह्याद्री होतो. फोमच्या पाटीला जगात कुठल्या डोंगराचा स्वभाव लाभला असेल तर तो दख्खनचा. गोणपाटाच्या डोंगराला हा कडा कधीच साधत नाही, त्याचं सगळं गोलसर होतं.

आणि या दोन तालुक्यांतले किल्ले नेमके कड्यांचे आहेत. आंबिवलीवरून चढायचा कोथळीगड, ज्याला गावकरी पेठचा किल्ला म्हणतात, त्याच्या सुळक्याच्या पोटातून कोरलेल्या पायऱ्या वर जातात. नेरळमागचा पेब, वदपचा भिवगड, कर्जत-चौक रस्त्याकडेची सोंडाई, चौकचा इर्शाळ. इर्शाळच्या सुळक्याला आरपार नेढं आहे. चिखलात नेढं ठेवायला गेलं की वरचा भाग बसतो, फोममध्ये ते गरम तारेने दोन मिनिटांत होतं. तरी अंगणात बहुधा रायगड, प्रतापगड नाहीतर राजगडच उभा राहतो. युनेस्कोने जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या यादीतही कर्जत-खालापूरचा एकही नाही. घाटावरचा लोहगड आहे, समुद्रातली खांदेरी आहे. मधला पट्टा पहारेकऱ्यांच्या किल्ल्यांचा, वाटा राखणाऱ्या चौक्यांचा. चौकीदाराला यादीत जागा मिळणं अवघडच.

इर्शाळचं नाव घेतलं की आता दुसरी आठवण टाळता येत नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री गडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर डोंगराचा उतार कोसळला. शोध थांबवला तेव्हा २७ जणांचे मृतदेह मिळाले होते, ५७ जण बेपत्ता होते. चिखलाचा उतार किती तीव्र ठेवला तर तो टिकतो, हा इथल्या मुलांसाठी केवळ खेळातला प्रश्न उरलेला नाही.

लढाईचं म्हणाल तर इथली सर्वांत मोठी लढाई किल्ल्यावर झालीच नाही. फेब्रुवारी 1661. मोगल सुभेदार शाइस्तेखानाने पुण्याहून आपला सरदार कारतलबखान याला कोकणात उतरायला पाठवलं होतं. सोबत रायबागन ही लढवय्यी सरदार बाई होती. फौज लोहगडाजवळून कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरली आणि आजच्या खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ, उंबरखिंडीच्या अरुंद रानवाटेत शिरली. शिवाजी महाराजांच्या फौजेने पुढची वाट अडवली, मागची बंद केली आणि दोन्ही बाजूंच्या झाडीतून मारा सुरू केला. पाणी नाही, वारा नाही, तोफा वळवायला जागा नाही. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि खंडणी व सामान देऊन सुटका करून घेतली. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या प्रसंगाचं वर्णन आहे. चावणीत आज स्मारक आहे.

टेबलावर युद्ध मांडणाऱ्याला उंबरखिंड दाखवली तर त्याचे डोळे चमकतील. कारण इथे सैन्याच्या आकड्यापेक्षा भूमीने काम केलं. मांडणी करायची तर शिखर नकोच. लांबट, चिंचोळा सपाट पट्टा, दोन्हीकडे चढ, भरपूर झाडं आणि दोन टोकांना दोन बुचं. सात-आठ सुटे तुकडे पुरे. दिवाळीच्या किल्ल्याची एक मर्यादा इथे उघडी पडते. तो नेहमी माथ्याकडे पाहतो, खिंड कुणी बनवत नाही. महाराजांना बसवायचं कुठे, हा प्रश्न येतो.

मोठ्या वास्तूची छोटी नक्कल करण्याचा नाद या खोऱ्याला फार जुना आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंढाण्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर कठड्यांच्या, सज्ज्यांच्या, कमानींच्या ओळी एकावर एक कोरल्या आहेत, जणू लहान आकाराची कितीतरी मजली घरं कड्याला टांगली आहेत. खऱ्या इमारती तेव्हा लाकडाच्या होत्या. त्यांची तुळई, जाळी, वासे सगळं कारागिरांनी दगडात उतरवलं. लाकडी मूळ रूपं कधीच कुजून गेली, नक्कल राहिली. तिथल्या एका भग्न यक्षमूर्तीजवळ कोरलेल्या ओळीत करणाऱ्याचं नावही आहे, कण्हाचा शिष्य बालक. तालुक्यातला हा पहिला ज्ञात प्रतिकृतीकार म्हणायला हरकत नाही. फक्त त्याचा मुलूख सुटा होत नव्हता.

त्याच्या अगदी उलट टोकाला एन. डी. स्टुडिओ. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2005 मध्ये चौक-कर्जत रस्त्यालगत तो उभारला. ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’, ‘देवदास’ यांचं नेपथ्य त्यांचं. ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला कर्जतच्या माळावर उभा राहिला आणि 2008 मध्ये स्टार प्रवाह वाहिनीवर आलेल्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेसाठी मराठ्यांचे दरबार आणि तटही. पाठीमागे खरा इर्शाळ, खरी सोंडाई आणि पुढ्यात प्लायवूड, प्लास्टर ऑफ पॅरिस आणि फायबरचा बुलंद दरवाजा. कॅमेऱ्याच्या चौकटीत कोणता खरा, हे सांगता येत नसे.

नेपथ्याची भाषाही सुट्या तुकड्यांचीच. लाकडी चौकटीवर प्लाय ठोकून केलेला भिंतीचा तुकडा म्हणजे ‘फ्लॅट’. एकदा साच्यातून काढलेली दगडांची लादी शंभर ठिकाणी लागते. आज देवगिरीचा तट, उद्या रंग फिरवला की दिल्लीचा. राइसविट्झची लादी माणसाच्या उंचीची झाली, इतकंच. एरवी सिनेमाचा सेट काम झालं की पाडतात, मुंबईत जागेचं भाडंच परवडत नाही. देसाईंनी कर्जतला तो पाडला नाही, राखला, तिकीट लावून लोकांना दाखवला. मोडण्यासाठी केलेली वस्तू टिकवायची म्हणजे दर पावसाळ्यात तिच्याशी झगडणं आलं. कर्जतच्या पावसात प्लास्टर फुगतं, प्लाय सुटतो, फायबरवर शेवाळ धरतं. 2 ऑगस्ट 2023 ला याच स्टुडिओत देसाईंचा करुण अंत झाला, डोक्यावर कर्जाचा मोठा बोजा होता.

इकडे घरगुती किल्लाही बदलला, आणि त्याचं कारण छंद नव्हे, जागा. कर्जत-नेरळ-खोपोलीत लोकलच्या आधारावर इमारती वाढल्या. अंगण गेलं, गॅलरी आली. गॅलरीत डबर आणि चिखल कोण आणू देणार? आणलाच तर खालच्या मजल्यावरून आरडाओरडा. मग प्लायच्या फळीवर थर्मोकोलचा डोंगर आला. तो हलका, आतून पोकळ, दोन-तीन भागांत सुटणारा. दिवाळीनंतर बेडच्या खणात जाणारा. कुणाला न सांगता, न शिकवता मराठी घर त्या प्रशियन लादीपाशी येऊन पोचलं. सोसायटीच्या आवारात एकत्र केलेले किल्ले अजूनही मातीचे असतात, पण त्यातही बुरूज बऱ्याचदा पुठ्ठ्याच्या नळ्यांचे आणि तट पाट्यांचे.

पुढे थर्मोकोलवरही गदा आली. महाराष्ट्र सरकारने 23 मार्च 2018 ला काढलेल्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत थर्मोकोलची सजावटही आली. गणपतीच्या मखरांचे कारागीर त्या वर्षी उच्च न्यायालयात गेले, त्यांना सवलत मिळाली नाही. मखरवाले पुठ्ठ्याकडे, कापडाकडे, बांबूकडे वळले. किल्लेवाल्या मुलांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यांचा थर्मोकोल दुकानातून येतच नव्हता. तो टीव्ही आणि मिक्सरच्या खोक्यातून येतो, कोपऱ्यांना आयते खाचखळगे असलेला. मिक्सरच्या भांड्यासाठी केलेला गोल खळगा उलटा ठेवला की उत्तम टाकं होतं.

ज्यांना अंगण आहे त्यांच्याकडे मात्र भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा विधी अजून चालू आहे. आधी मावळे उचलायचे. महाराज सर्वांत पहिले, दोन्ही हातांनी. मग उरलेले सुतळी बॉम्ब दरवाज्यात, टाक्यात, वाघाच्या गुहेत. एकेक बुरूज उडतो, मोहरीची रोपं मातीसकट उसळतात, गोणपाट फाटून विटा दिसायला लागतात. आठ दिवस जिथे पाय ठेवायला बंदी होती तिथे आता सगळे नाचतात. तिकडच्या छंदवाल्याला, ज्याने एका टेकडीवर तीन रविवार घालवलेले असतात, हे दृश्य बघवणार नाही.

नंतर विटा पुन्हा भिंतीकडेला रचल्या जातात, पेंढ्याची माती घमेल्याने परसात जाते. भात निघालेल्या खाचरांत तेव्हा अंगच्या ओलीवर वाल पेरायची वेळ झालेली असते. परसातल्या त्या मातीतही आजी चार दाणे टोचते. एखादा मावळा दोन दिवसांनी तिथेच सापडतो, एक हात गेलेला. तो धुऊन पुसून डब्यात जातो.